सरस तापेपर्यंत

४ फेब्रुवारी

चिकट्या,

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतलाय. सहा वर्षांत दोनदा उचललास, त्यातला एकदा चुकून. पत्र निदान दारात पडून राहील.

सोबत एक फॉर्म आहे. आधी तो नीट बघ, मग माझ्यावर काय चिडायचं ते चीड. सांध्यांच्या डॉक्टरबाईंनी दिलाय, माझ्या सख्ख्या भावंडांसाठी. सख्खं भावंड मला एकच, तेही असलं. तुमच्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हा फॉर्म दाखवायचा, रक्त द्यायचं, हातांची सोनोग्राफी करून घ्यायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. एका सकाळी तुझं लोकांचे दात घडवणं थांबलं तर काही बिघडणार नाही.

मला काय झालंय ते तुला कुणी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. आमवात. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. अंगाची राखण करायला आत जी फौज असते, ती घरच्यांवरच उठते आणि सांध्यांचं अस्तर कुरतडत सुटते. उजव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला कलली आहेत. गोळ्या चालू आहेत, दुखणं आटोक्यात आहे, पण कललेलं सरळ होत नाही. पुस्तकबांधणीतली जुजबंदीची शिलाई मी सोडली. आता छापून आलेल्या पानांचे फर्मे मोजते, पुठ्ठे कापून घेते आणि कारागिरांवर खेकसते. हे पत्रसुद्धा तिसऱ्या बैठकीत लिहितेय, जाड पेन्सिलीने. अक्षराला हसू नकोस.

रोग झाला याचा जितका राग येत नाही तितका तो कळला कसा नाही याचा येतो. पहिल्या डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं, "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?" मी छातीठोकपणे सांगितलं, "छे." त्यांनी दुखण्याची गोळी दिली आणि नऊ महिने मी ती गिळत बसले. या डॉक्टरबाईंनी तेच वेगळ्या वाटेने विचारलं. म्हणाल्या, "उठल्यापासून पहिलं काम हातात घेईपर्यंत काय काय करता ते ओळीने सांगा." मी सांगितलं. खालच्या मजल्यावर येते, दुकान उघडते, पुस्तकं चिकटवायच्या सरसाचं भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवते, गॅस लावते, पातेल्याला फडकं गुंडाळते आणि सरस विरघळेपर्यंत त्याला हात लावून बसते.

"किती वेळ?"

"पाऊण तास. सरसाला तेवढा लागतोच."

"आणि हात कशाला लावून बसता?"

मी म्हटलं, "म्हणजे? सगळेच बसतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळे म्हणजे कोण?"

बाबा बसायचे. आत्या बसायची. आजोबांना तर मी दुसऱ्या कुठल्या स्थितीत पाहिल्याचं आठवतच नाही. तीन पिढ्या आपल्या घरात रोज सकाळी पाऊण तास बोटं आखडलेली असायची आणि आपण म्हणायचो, अजून सरस झाला नाही. सरस झाला की बोटंही सुटायची, कामाला लागायचो. एकालाही विचारायची अक्कल सुचली नाही की बाबा सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुकानात जाऊन नुसत्या पाण्याचं पातेलं का तापवतात.

फॉर्म नुकताच हातात आलाय. वेळ घालवू नकोस.

ताई


२ मार्च

चिकट्या,

महिना होत आला. पत्र मिळालंय हे मला माहीत आहे, कारण तुझी बायको तुझ्यासारखी नाही, ती फोन उचलते. ती म्हणाली, "ते म्हणतात मला काही होत नाही." वा. मीही दोन वर्षं हेच म्हणत होते, आणि मी तुझ्यापेक्षा जास्त ठासून म्हणायचे.

ती बिचारी असंही म्हणाली, "ताई, काय काय पथ्यं पाळायची ते सांगा, मी बघते त्यांच्याकडे." इथेच माझं डोकं फिरतं. माझी पथ्यं तुला काय करायचीत? इथे प्रत्येकाकडे माझ्यासाठी एकेक पथ्य तयार आहे. शेजारीण म्हणते गार पाण्यात हात घालू नका. छापखानेवाला म्हणतो आंबट सोडा. त्याच्या मेव्हणीने म्हणे रात्रीचं जेवण सोडलं आणि ती आता डोंगर चढते. मी सगळं केलं. आंबट सोडलं, गार पाणी सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं, नुसता डोंगर तेवढा राहिला.

डॉक्टरबाईंचं म्हणणं असं की, टाळायचं असेल तर ते ज्याचं त्याच्या मापाने टाळायचं असतं. आधी रक्तात या रोगाची खूण आहे का बघायची. कितीतरी लोकांत ती खूण सांध्यांना सूज यायच्या आधी वर्षानुवर्षं असते. खूण असली म्हणजे रोग होणारच असं नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं, कारण मी तीनदा रडवेली झाले. पण खूण असली की मग त्या माणसाच्या भोवती काय काय आहे ते बघायचं आणि त्यातलं जे काढता येईल ते काढून घ्यायचं. कुणाचं वजन, कुणाचा धूर, कुणाची धूळ. आपण कधी एकाच मापाचा पुठ्ठा सगळ्या पुस्तकांना लावलाय का? पुस्तक मापून घेतो, मग पुठ्ठा कापतो. एवढं तर तुला चौथीत असताना कळत होतं.

मग त्यांनी तुझ्याविषयी विचारलं. मी म्हटलं, सतराव्या वर्षापासून सिगरेट ओढतो. त्यांनी लिहून घेतलं. दातांच्या कवळ्या बनवतो, दिवसभर प्लास्टरच्या भुकटीत बसलेला असतो, तोंडाला फडकं बांधत नाही. लिहून घेतलं. हिरड्यांतून रक्त येतं, ब्रश लाल होतो, लहानपणापासून. याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. त्यांच्या यादीत सिगरेट आणि हिरड्या अगदी वर आहेत. सुजलेल्या हिरड्यांमुळेसुद्धा ती फौज चाळवते असं आता म्हणतात. आणि आमचे बंधुराज जगाच्या तोंडात बत्तिशी बसवतात, स्वतःच्या तोंडात मात्र बघत नाहीत. मी हे बोलून दाखवलं तर डॉक्टरबाई हसल्या. मी काही हसायला सांगितलं नव्हतं.

मला धूर नाही, हिरड्या ठणठणीत. म्हणजे माझ्या बाबतीत काढून घेण्यासारखं फार नव्हतंच, फक्त वेळेवर कळायला हवं होतं. तुझ्या बाबतीत काढून घेण्यासारखं ढीगभर आहे. तू नशीबवान आहेस, गाढवा, आणि तुला ते ऐकायचंही नाहीये.

मला ठाऊक आहे हे काम कंटाळवाणं आहे. सिगरेट सोडायची, हिरड्या साफ करून घ्यायच्या, दर तीन महिन्यांनी हात दाखवायचे, आणि एवढं करून बक्षीस काय, तर काहीही होणार नाही. हात आज जसे आहेत तसेच राहतील. त्यासाठी कुणी तुझी पाठ थोपटणार नाही. पण तुझं पोट त्या हातांवर आहे. मेणात दाताची कड कोरताना तुझी बोटं किती बारीक चालतात ते मी पाहिलंय. मला ती तशीच हवीत.

बाबांचं मध्ये आणू नकोस. तुझी बायको म्हणाली, तू म्हणालास "बाबांच्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल?" तो विषय वेगळा आहे.

ताई


२३ मार्च

चिकट्या,

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात एकच ओळ. "फॉर्मच्या तळाशी छापलेली तारीख बघ."

तारखेचं काय घेऊन बसलास? हॉस्पिटलात जुने फॉर्म पडलेले असतात, त्यातलाच एक काढून दिला असेल. नर्सबाई गडबडीत असतात. तारीख जुनी आहे म्हणून रक्त घ्यायचं नाकारतात का? जाऊन तरी ये. नुसती खुसपटं काढायची सवय तुझी गेली नाही.

ताई


२४ मार्च

चिकट्या,

काल लिहिलं ते खोटं आहे. पाकीट पेटीत टाकलं आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत मला स्वतःची शिसारी आली. पेटीत हात जातो का तेही बघितलं. या बोटांचा तेवढ्यापुरताही उपयोग नाही. म्हणून आज हे दुसरं, दोन्ही एकदमच मिळतील.

फॉर्म मला चौदा महिन्यांपूर्वी मिळाला. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं, "भावाला लगेच पाठवा, यात वेळेला महत्त्व आहे." मी हो म्हटलं, घरी आले आणि तो पुस्तकांच्या अस्तराच्या रंगीत कागदांच्या खणात सरकवला. रोज तो खण उघडते मी. रोज दिसायचा.

कारण हे की, फॉर्म पाठवायचा तर सोबत काहीतरी लिहायला लागणार होतं, आणि लिहायला बसलं की बाबा येणार होते. तू दुकानात सगळ्यांसमोर बाबांचं मनगट वर धरलंस आणि म्हणालास, "हा धंद्याचा हात नाही, हा आजार आहे. आजच दाखवायला नेऊ." आणि मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. "सहा महिने दात घडवले आणि डॉक्टर झाला." कारागीर हसले. बाबाही हसले. तू त्याच आठवड्यात गेलास. बाबांनी तुझ्या पाठीमागे दोन दिवस विचारलं, "खरंच दाखवायचं का गं?" मी म्हटलं, "बाबा, आजोबांचे हात असेच होते." त्यांना बरंच वाटलं. शेवटच्या वर्षी शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. ते छताकडे बघत उभे राहायचे.

तू बरोबर होतास. एवढंच लिहायचं होतं मला. चौदा महिने लिहिता आलं नाही.

अजून एक आहे, तेही लिहून टाकते, पुन्हा धीर होणार नाही. तुझे हात चांगले आहेत याचा मला राग यायचा. मी दुकान सांभाळलं, बाबांचं सगळं केलं, आणि बोटं वाकली ती माझी. तू निघून गेलास आणि तुझे हात धडधाकट. फॉर्म बघितला की वाटायचं, असू दे थोडे दिवस. नेमकं काय असू दे, ते मी स्वतःलाही कधी विचारलं नाही. मोठी बहीण असून मला असं वाटलं.

तू येऊन चार लोकांत माझी शोभा केलीस तरी चालेल. पण रक्त दे. माझ्यावरचा राग हातांवर काढू नकोस.

ताई


१९ एप्रिल

चिकट्या,

तुझ्या बायकोने काल फोन करून रिपोर्ट वाचून दाखवला. मी आकडे लिहून घेतले आणि आज सकाळी डॉक्टरबाईंसमोर ठेवले.

खूण आहे. थोडीथोडकी नाही, चांगली चढलेली आहे. मात्र सोनोग्राफी साफ आहे, मनगटं साफ, बोटं साफ, कुठेही सूज नाही. म्हणजे तू अजून उंबऱ्याच्या अलीकडे आहेस. हे मी डॉक्टरबाईंकडून तीनदा वदवून घेतलं.

मग दुसरी गोष्ट कळली. तुमच्या हॉस्पिटलात गेल्या वर्षी अशाच लोकांचा एक गट घेत होते. रक्तात खूण आहे, सांधे साफ आहेत, धोका जास्त आहे. त्यांना वर्षभर औषध देऊन बघत होते की रोग टळतो का, निदान लांबतो का. तू बसला असतास त्यात. ऑक्टोबरमध्ये भरती बंद झाली. ऑक्टोबरमध्ये तुझा फॉर्म माझ्या खणात होता.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "त्या औषधाने टळलं असतं का?" त्या म्हणाल्या, "टळलंच असतं असं मी म्हणणार नाही. अशा आधीच्या अभ्यासांत काहींचं लांबलं, हे खरं. तुमच्या भावाचं काय झालं असतं, कुणालाच सांगता येणार नाही." मी म्हटलं, हो की नाही ते एक सांगा. त्या म्हणाल्या, "ते माझ्याकडे नाही." मी तिथे आवाज चढवला. बाहेरची माणसं डोकावून गेली. त्या 'कदाचित'ने मला भाजून काढलंय. कुणी तोंडावर सांगितलं असतं की बाई, तुझ्यामुळे झालं, तर एकदाचं ऐकून तरी घेतलं असतं.

बाकीचं त्यांनी तुझ्यासाठी सांगितलेलं तुझ्या बायकोला फोनवर सांगितलंय, तिने लिहून घेतलंय. सिगरेट आजच सोडायची, उद्या नाही. हिरड्यांचे डॉक्टर या आठवड्यात, आणि तुझ्या ओळखीत तेच तर सगळे आहेत, लाज सोड. कामावर भुकटीचा मास्क. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि रोज सकाळी, चहाचा कप हातात घ्यायच्या आत, गरम पाण्याला हात लावायच्या आत, मूठ वळून बघायची. घड्याळ लावून. पहिल्याच फटक्यात वळली तर ठीक. वेळ लागला तर किती लागला ते लिहून ठेवायचं. मध्ये गरम काही नको, मग ते पातेलं असो, कप असो नाहीतर बायकोचा हात. आपल्या घराला ऊब घेऊन बोटं सोडवायची इतकी सवय आहे की आपलं आपल्यालाच कळत नाही.

ती सांगत होती की तू तीन दिवस कुणाशी बोलला नाहीस. सिगरेटचं पाकीट फेकलंस, मग खाली जाऊन उचलून आणलंस, मग पुन्हा फेकलंस. मला शिव्या घाल. फोन करून घाल, पत्र लिहून घाल. गप्प मात्र बसू नकोस. बाबाही असेच गप्प बसले होते आणि आपल्याला वाटलं त्यांना काही दुखत नाही.

ताई


६ मे

चिकट्या,

तुझं पत्र काल आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी.

पाकीट जाड लागलं तेव्हाच समजले आत काय असणार. दुकानात सगळे होते, म्हणून जिन्यावर जाऊन उघडलं. आणि खोटं कशाला सांगू, वाचलं नाही. आधी अक्षर बघितलं. पहिल्या पानावरचं, मग एकदम शेवटच्या पानावरचं. मला भीती होती की बायकोकडून लिहून घेतलं असशील. तूच लिहिलंयस. तेच बारीक, उभं, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. आठव्या बाजूला पोचेपर्यंत ओळ कुठे उतरली नाही, पेन कुठे घसरलं नाही. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

मग वाचलं. तू लिहिलंस, "तू बाबांचे हात खाल्लेस आणि आता माझे खायला निघाली होतीस." लिहिलंस, "खण उघडताना एकदा तरी लाज वाटली का?" वाटली. रोज वाटली आणि रोज मी खण बंद केला. तिसऱ्या पानावर मला जे म्हणालास ते आईने ऐकलं असतं तर तुझं तोंड साबणाने धुतलं असतं. माझं काही म्हणणं नाही. तो शब्द इतका जोरात लिहिलायस की मागच्या बाजूला उमटलाय. तेवढा जोर मला आता पेन्सिलीवर देता येत नाही.

बाबांनी तुला चोरून फोन केला होता हे मला माहीत नव्हतं. "तिला सांगू नकोस, पण हात फार दुखतात रे." ती ओळ मी जिन्यावर पुन्हा पुन्हा वाचली. कारागीर विचारायला आला, त्याला मी हाकलून दिलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, तो भार तुझ्यावर कशाला.

पण दोन गोष्टी तू लिहिल्या नाहीस. सिगरेट सोडून किती दिवस झाले? आणि सकाळी मूठ पहिल्या फटक्यात वळते का? चुकवलंस की रागाच्या भरात राहून गेलं? पुढच्या पत्रात लिही. पुढचं पत्र नको असेल तर शिव्या लिही, माझ्याबद्दल अजून बरंच शिल्लक असेल तुझ्याकडे. दर आठवड्याला लिही. मोबाइलवर टाइप करून पाठवू नकोस आणि बायकोला बसवू नकोस. पेनाने लिही, तुझ्या हाताने, आणि लांबलचक लिही.

ताई